पाईपलाही श्वास लागतो!

आधीच कबूल करते. माझी शाळा कॉन्व्हेंट, मराठी 'लोअर लेव्हल'चं, आणि मराठीत लिहिलेला शेवटचा निबंध म्हणजे दहावीतला 'माझा आवडता ऋतू'. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी सरळ 'नाही' म्हणणार होते. पण विषय असा हाती लागला की गप्प बसवेना. विषय आहे बाथरूमचा वास! हसू नका. लेडीज होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर राहणारी कोणीही मुलगी या विषयावर माझ्यापेक्षा मोठा लेख लिहू शकेल. फरक एवढाच, की मला त्याचं कारण सापडलंय. (शुद्धलेखन आईनं तपासलंय, उरलेल्या चुका माझ्या.)

वास आला कुठून?

आमचं घर डोंबिवलीला, चार मजली सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. बिल्डिंग जुनी. संडास वेगळा, बाथरूम वेगळं, बाथरूमच्या दारात चांगला वीतभर उंबरठा. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या उंबरठ्याचा डोंगर झाला. शेवटी बाबांनी पी.एफ.मधून पैसे काढले आणि मधली भिंत पाडून एकच मोठं बाथरूम करायचं ठरलं. कमोड, शॉवर, आजीला बसून अंघोळ करता येईल असा ओटा, भिंतीला धरायला स्टीलचे दांडे. कॉन्ट्रॅक्टरनं तीन आठवड्यांत काम संपवलं. दिसायला एकदम हॉटेलसारखं! आम्ही शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवलं.

आठच दिवसांत वास सुरू झाला. सकाळी जास्त, दुपारी कमी. फिनेल झालं, ॲसिड झालं, डांबराच्या गोळ्या झाल्या. कॉन्ट्रॅक्टर येऊन म्हणाला, "ट्रॅप लीक असेल, टाईल्स फोडून बघावं लागेल." आणि खर्चाचा आकडा सांगितला चाळीस हजार. बाबा त्या रात्री नीट जेवले नाहीत.

पण खरी गोष्ट मला दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर कळली. आजी बाथरूममधून येताना रोज उदबत्ती लावून यायची. मी विचारलं तर हळूच म्हणाली, "माझ्यामुळेच येतोय गं वास. म्हातारं माणूस, स्वच्छता होत नाही माझ्याच्यानं." त्यासाठी ती पाणीसुद्धा कमी प्यायला लागली होती. म्हणजे जास्त वेळा जावं लागू नये!

मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाची. 'बिल्डिंग ड्रेनेज'वर टिपा लिहून मार्क मिळवलेली. आणि माझ्या घरातला वास कुठून येतो ते मला सांगता येत नव्हतं. लाज वाटली. म्हणून पुस्तक पुन्हा उघडलं, ह्या वेळी परीक्षेसाठी नाही.

५० मि.मी.चा पहारेकरी

बाथरूमच्या जाळीखाली जो वाकडा भाग असतो त्याला प्लंबर 'नानी ट्रॅप' म्हणतात. मला आधी वाटलं, नानी म्हणजे आजी, तिच्यासाठी काही खास ट्रॅप बसवलाय! नंतर कळलं, मूळ शब्द न्हाणी, न्हाण्याची जागा. असो.

ट्रॅपचं काम एकच. वापरलेलं पाणी जाऊ द्यायचं, पण थोडं पाणी स्वतःत अडवून धरायचं. हे अडलेलं पाणी म्हणजे 'वॉटर सील'. ह्या पाण्याच्या एका बाजूला तुमचं घर आणि दुसऱ्या बाजूला अख्खी गटार यंत्रणा. तिकडे हायड्रोजन सल्फाईड आहे (तोच सडक्या अंड्याचा वास), मिथेन आहे, अमोनिया आहे, झुरळं आहेत, जंतू आहेत. मध्ये ना दार ना झडप. नुसतं पाणी! आपल्याकडे हे सील निदान ५० मि.मी. खोल असावं असा नियम आहे. म्हणजे जेमतेम दोन इंच.

ही कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनमधल्या घड्याळजीनं १७७५ साली 'एस' आकाराच्या वाकलेल्या पाईपसह फ्लश संडासाचं पेटंट घेतलं. त्यानंतर पोर्सिलीन आलं, पी.व्ही.सी. आलं, टाईल्स बदलल्या, पण तत्त्व तेच. पाण्यानं हवा अडवायची.

आता जरा हिशेब करू. ५० मि.मी. पाण्याचा दाब किती? घनता गुणिले जी गुणिले उंची, म्हणजे १००० × ९.८१ × ०.०५ = साधारण ४९० पास्कल. वातावरणाचा दाब १,०१,३२५ पास्कल. म्हणजे आपला पहारेकरी वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काच फरक सोसू शकतो! कँटीनमध्ये तुम्ही २० सें.मी.च्या स्ट्रॉनं उसाचा रस ओढता तेव्हा तोंडात जवळजवळ २००० पास्कलची ओढ तयार करता. म्हणजे ट्रॅपमधलं पाणी खेचून न्यायला जेवढी ओढ पुरते त्याच्या चौपट. इतका नाजूक आहे हा प्रकार.

आणि तो फसला तर काय होतं? फक्त वास येतो? २००३ साली सार्सची साथ आली तेव्हा हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स ह्या उंच इमारतींच्या वसाहतीत ३०० हून जास्त रहिवाशांना लागण झाली आणि ४० हून जास्त लोक गेले. तिथल्या आरोग्य खात्याच्या तपासात एक महत्त्वाचं कारण असं पुढे आलं की बऱ्याच घरांत बाथरूमच्या जमिनीवरचे ट्रॅप कोरडे पडले होते. लोक जमीन धूत नव्हते, नुसती पुसत होते, त्यामुळे ट्रॅपमध्ये पाणीच जात नव्हतं. वर एक्झॉस्ट फॅन चालू. फॅननं बाथरूममधली हवा बाहेर फेकली आणि तिच्या जागी सांडपाण्याच्या पाईपमधली दूषित हवा घरात ओढून घेतली. एक मग पाणी जाळीत ओतलं असतं तर ही वाट बंद राहिली असती. हे वाचल्यापासून मी 'फक्त वास' म्हणणं सोडलं.

तेलाचा डबा आणि दुसरं भोक

मग ट्रॅपमधलं पाणी जातं कुठे? पुस्तकात कारणांची यादी आहे. मुख्य चार सांगते.

१. बाष्पीभवन. बाथरूम कित्येक दिवस वापरलंच नाही तर पाणी उडून जातं.
२. गळती. ट्रॅपला चीर असेल किंवा सांधा नीट नसेल तर.
३. केस, धागा किंवा चिंधी. ती ट्रॅपच्या वळणावर अडकली की दिव्याच्या वातीसारखं पाणी हळूहळू पलीकडे ओढून टाकते.
४. सायफन. पाईपमध्ये हवेचा दाब कमी झाला की ट्रॅपमधलं पाणी तिकडे खेचलं जातं.

चौथं कारण समजायला घरातला पंधरा किलोचा तेलाचा डबा आठवा. एकच भोक पाडलं तर तेल कसं येतं? गुडुक, गुडुक, थांबत थांबत. आई लगेच समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडते, की झाली धार सुरू! तेल बाहेर यायला हवा आत जावी लागते. काचेच्या सलाईनच्या बाटलीच्या बुचात आणखी एक सुई टोचून ठेवायचे तेही ह्याचसाठी.

बिल्डिंगचा उभा पाईप म्हणजे असाच लांबलचक डबा. वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला की पाणी पाईपच्या भिंतीला चिकटून गोल गोल खाली येतं आणि मधल्या पोकळीतली हवा आपल्याबरोबर खाली ओढतं. त्या हवेची भरपाई वरून व्हायला हवी. म्हणून तो पाईप गच्चीच्या कठड्यावर उंच नेऊन उघडा ठेवतात, वर जाळीदार टोपी बसवतात. हाच व्हेंट. हेच ते दुसरं भोक! ते बंद असेल तर पाईप हवा घेतोच, पण जिथे सगळ्यात कमी अडथळा असेल तिथून. म्हणजे तुमच्या-माझ्या बाथरूममधल्या त्या दोन इंच पाण्याला खेचून.

ह्याच्या उलटही होतं. पाणी तळाशी पोचून आडव्या पाईपकडे वळतं तिथे हवा दाबली जाते. म्हणून तळमजल्यावरच्या जाळीतून कधी कधी बुडबुडे येतात. तळमजल्याचं कनेक्शन उभ्या पाईपला न देता वेगळं थेट चेंबरकडे न्यावं असं सांगतात ते ह्यासाठी.

जुन्या इमारतींमध्ये आपल्याकडे दोन पाईपची पद्धत असते. मैल्याचा पाईप वेगळा आणि अंघोळीच्या, धुण्याच्या पाण्याचा वेगळा. दुसरा खाली गली ट्रॅपमध्ये पडतो, तिथे आणखी एक सील असतं. शिवाय काही ठिकाणी कमोडच्या मागून एक बारीक पाईप वर जाताना दिसतो. तो अँटी-सायफनेज पाईप. काम करताना लोकांना तो 'जादाचा' वाटतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमचं बाथरूम, आमचं प्रॅक्टिकल

चार कारणं, म्हणजे चार संशयित. आता टाईल्स न फोडता चोर पकडायचा. साहित्य: ड्रॉइंगची सहा इंची स्टीलची पट्टी, टॉर्च, एक मग, एक वही. कृती: जाळी उचलायची, मगानं पाणी ओतून ट्रॅप पूर्ण भरायचा, पाणी स्थिर झालं की काठापासून पाण्याची पातळी मोजायची. मग काहीतरी घडवायचं आणि पुन्हा मोजायचं. पातळी जेवढी उतरली तेवढं सील कमी झालं.

आधी टॉर्च मारून बघितलं. केसबीस काही नाही. म्हणजे तिसरा संशयित सुटला.

मग रात्री साडेबाराला, सगळी बिल्डिंग झोपल्यावर, ट्रॅप भरला आणि पहाटे साडेचारला मोजला. पातळी जागच्या जागी! म्हणजे ट्रॅप गळत नव्हता. गळका असता तर रात्रीही गळला असता. चार तासांत पाणी उडूनही गेलं नाही. दुसरा सुटला, पहिलाही सुटला. (आणि कॉन्ट्रॅक्टरचे चाळीस हजार तिथेच वाचले, पण मला अजून पूर्ण खात्री नव्हती.)

सकाळी खरं काम सुरू झालं. आमचा कमोड एकदा फ्लश केला, पातळी १८ मि.मी. उतरली. पुन्हा भरून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना फोन केला, "काकू, जरा फ्लश करता का?" त्यांनी कारण न विचारता केला हे त्यांचे उपकार. पातळी १२ मि.मी. उतरली आणि जाळीतून 'गुळ्ळुक' असा आवाज आला. तिसरा आणि चौथा मजला एकदम, २७ मि.मी.! मग ट्रॅप भरून सकाळी सहा ते आठ नुसता सोडून दिला. आठ वाजता बघितलं तर सील संपलेलं, आणि वास नेहमीसारखा हजर.

सकाळी वास जास्त का, ह्याचं उत्तरही मिळालं. सकाळी सगळी बिल्डिंग फ्लश करते! दुपारपर्यंत आमच्या घरात कोणी हातपाय धुतले, फरशी धुतली की सील पुन्हा भरायचं आणि वास कमी व्हायचा.

मी वही घेऊन आजीकडे गेले. तिला सायफन वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "आजी, तू काहीच केलेलं नाहीस. पाईपला श्वास घेता येत नाहीये, म्हणून तो आपल्या बाथरूममधून घेतोय." आजीनं चष्म्यातून वहीतले आकडे बघितले आणि म्हणाली, "मग त्याला वर तोंड काढून दे ना कोणीतरी." अक्षरशः तेच करायचं होतं.

डक्टमध्ये काय सापडलं

बाबांच्या ओळखीचे एक वयस्कर प्लंबर मामा आले. माझे आकडे त्यांनी ऐकून घेतले, हसले नाहीत. आधी गच्चीवर गेले. दोन वर्षांपूर्वी सोसायटीनं गच्चीवर पत्र्याची शेड केली होती. तेव्हा पाईप मध्ये येत होता म्हणून कापून आखूड केला, आणि गच्चीवर वास नको म्हणून तोंडावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून टोपण ठोकलं. झालं! चार मजल्यांच्या पाईपचं नाक बंद. सगळ्यांच्याच घरी थोडा थोडा वास होता, पण प्रत्येकाला वाटायचं आपल्याच घरी येतो, म्हणून कोणी बोललं नाही. सेक्रेटरी काकांनी तर 'दमट हवेत येतोच' असं स्वतःला समजावलं होतं.

मग मामांनी डक्टमध्ये डोकावून बघितलं. आमच्या कॉन्ट्रॅक्टरनं दोन गोष्टी केल्या होत्या. एक, बाथरूमची लाईन जी आधी सांडपाण्याच्या पाईपला जायची ती जवळ पडते म्हणून मैल्याच्या पाईपला जोडली. दोन, कमोडमागचा तो बारीक 'जादाचा' पाईप कापून बूच मारलं. म्हणजे नाक आधीच बंद होतं, त्यात आमच्या कॉन्ट्रॅक्टरनं तोंडही दाबलं.

मामा म्हणाले, "ताई, पाणी कुठं जातं ते सगळे बघतात. हवा कुठनं येती ते कोणी बघत नाही."

तिसऱ्या वर्षाचं अख्खं प्रकरण एका वाक्यात!

पहिल्या दिवशी गच्चीवरचं टोपण काढलं, पाईप शेडच्या वर नेला, नवी टोपी बसवली. मी लगेच खाली येऊन मोजलं. आमच्या फ्लशला १८ च्या जागी ९ मि.मी. दुसऱ्या दिवशी डक्टमध्ये बांबूची परांची बांधून बाथरूमची लाईन पुन्हा सांडपाण्याच्या पाईपला नेली आणि बारीक पाईप होता तसा जोडला. पुन्हा मोजलं, २ मि.मी. तिसरा-चौथा मजला एकदम केला तरी पट्टीवर फरक कळेना. एकही टाईल फुटली नाही. खर्च आठ हजारांच्या आत, त्यात गच्चीवरचे सोसायटीनं दिले.

आजीची उदबत्ती परत देवघरात गेली. आणि पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी आला.

घरी काम काढाल तेव्हा

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कधी ना कधी बाथरूम नवं होणार आहे. 'तू इंजिनिअर ना, बघ जरा' असं घरचे म्हणतीलच. तेव्हा कामाला येईल म्हणून क्रमानं लिहिते.

पहिलं, फोडाफोडीच्या आधी पाईप ओळखा. कुठली जाळी कुठल्या पाईपला जाते? बादलीत रंगपंचमीचा रंग कालवून ओता आणि खाली गली ट्रॅपमध्ये किंवा चेंबरमध्ये कुठे रंग येतो ते बघा. चेंबरचं झाकण उघडून वरूनच बघायचं, आत वाकायचं नाही, कोणाला उतरवायचं तर मुळीच नाही. आतला वायू जीव घेतो, आणि वास जास्त झाला की नाक काम करेनासं होतं, धोका कळतही नाही.

दुसरं, गच्चीवर जा. तुमच्या पाईपचं तोंड उघडं आहे का, टोपी शाबूत आहे का, पक्ष्यानं घरटं केलंय का, ते बघा. ते खिडकीजवळ किंवा पाण्याच्या टाकीला लागून असू नये.

तिसरं, काम चालू असताना पाईपांची उघडी तोंडं गोणपाटानं घट्ट बंद ठेवा. नाहीतर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल आत जातो, आणि तो नवीन बाथरूममध्ये पहिल्याच आठवड्यात तुंबून दर्शन देतो.

चौथं, उतार. जाळीपासून उभ्या पाईपपर्यंतच्या आडव्या पाईपला मीटरमागे साधारण २ ते २.५ सें.मी. उतार हवा. कमी दिला तर साबण आणि केस साचतात. आणि 'जास्त दिला तर जास्त चांगलं' असंही नाही. उतार फार तीव्र असला आणि पाईप पूर्ण भरून धावला तर तो स्वतःच्याच ट्रॅपचं पाणी ओढून नेतो. फरशीला जाळीकडे मीटरमागे १ ते १.५ सें.मी. पुरतो. मिस्त्री पाणसळ लावत असेल तेव्हा शेजारी उभं राहून बघा, राग येत नाही त्यांना. फरशीचा उतार टाईल्स बसवताना करतो म्हणाले तरी खालच्या कोब्यालाच तो दिलेला असावा.

पाचवं, ट्रॅप बघून घ्या. फरशीखाली जागा कमी असली की बुटका ट्रॅप बसवतात, त्यात सील वीस-पंचवीस मि.मी. एवढंच मिळतं. दुकानातच पट्टी घालून मोजा. एका लाईनवर एकामागे एक दोन ट्रॅपही नकोत. मधली हवा कोंडते आणि पाणी अडखळतं.

सहावं, शॉवरचा हिशेब. बादलीच्या अंघोळीत पाणी थांबून थांबून येतं, शॉवरमध्ये सलग. आमच्या नव्या शॉवरखाली १५ लिटरची बादली ठेवली तर एका मिनिटात भरली. जुनी बारीक लाईन आणि नाजूक नक्षीची जाळी हे पाणी घेत नाही, मग अंघोळ घोटाभर पाण्यात! शॉवर निवडतानाच जाळी मोठी, पाईप ७५ मि.मी.चा घ्या.

सातवं, झाकण्याआधी तपासा. पाईपचं खालचं तोंड बंद करून पाणी भरा, तासाभरात पातळी उतरली तर सांधा गळतोय. वॉटरप्रूफिंग झाल्यावर निदान दोन दिवस पाणी साठवून ठेवा आणि खालच्या मजल्यावरच्यांना विचारा. ते हो म्हणेपर्यंत टाईल नाही!

आठवं, वळणांवर उघडता येणारं दार असलेले बेंड बसवा, आणि सगळं झाकायच्या आधी टेप लावून मोबाईलवर फोटो काढा. दहा वर्षांनी कुठे फोडायचं हे त्या फोटोवरून कळेल.

आणि कुठलाही पाईप 'जादाचा' वाटला तर कापायच्या आधी तो का आहे ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत हात लावू नका.

व्हेंट वर न्यायला जागाच नसेल तर हवा आत घेणारी एकमार्गी झडप मिळते. ती पाईपला हवा देते पण वास बाहेर सोडत नाही. मात्र खालून येणारा दाब तिला सोडवता येत नाही, आणि ती बिघडू शकते, म्हणून हात पोचेल अशाच जागी लावायची. ती गच्चीवरच्या उघड्या पाईपला पर्याय नाही, मदतनीस आहे.

आणि होस्टेलसाठी...

जूनमध्ये आपण परत येतो तेव्हा होस्टेलचं बाथरूम का घाण मारतं? दीड महिना कोणी वापरलेलं नसतं, उन्हाळ्यात सगळे ट्रॅप सुकलेले असतात. संशयित क्रमांक एक! सुट्टीला जाताना प्रत्येक जाळीत मगभर पाणी ओतायचं आणि वर चमचाभर खोबरेल तेल. तेल पाण्यावर तरंगतं आणि बाष्पीभवन रोखतं. आल्यावर पहिलं काम, पुन्हा मगभर पाणी. कोपऱ्यातल्या, कोणी न वापरणाऱ्या जाळीत रविवारी आठवणीनं.

दुसरी गोष्ट. काही जाळ्यांखाली एक उलटी वाटी असते. केस काढताना ती उचलतो आणि कंटाळून खिडकीत ठेवून देतो. ती वाटी म्हणजेच त्या ट्रॅपचं सील! ती काढली की गटाराला आणि तुमच्या रूमला जोडणारा सरळ बोगदा तयार. आमच्या मजल्यावर मी मोजलं, सहापैकी चार वाट्या खिडकीत होत्या. आता सहाच्या सहा जागेवर आहेत, आणि आमच्या मजल्यावरच्या मुली मला 'वाटीवाली' म्हणतात. चालेल.

तिसरी, रेक्टर सरांना आणि मेंटेनन्सच्या काकांना विनंती. पुढच्या वेळी गच्चीवर वॉटरप्रूफिंग किंवा सोलरचं काम निघालं तर पाईपांची तोंडं कापली, झाकली जात नाहीत ना, एवढं बघावं. काम संपल्यावर एक चक्कर मारली तरी पुरे.

आणि जाळीतून 'गुळ्ळुक' ऐकू आलं तर भूत समजून घाबरू नका. पाईप श्वास मागतोय. एक पट्टी घ्या, एक मग पाणी घ्या आणि मोजा. फिनेलवर पैसे नंतर घालवा.

– तृतीय वर्ष, सिव्हिल